मांजर कोणाचे?

बिल्ला तळहातावर मावेल एवढा आहे. आकार गोल, व्यास साधारण साडेपाच सेंटिमीटर. कडेने पट्टा, खाली त्याचे बक्कल, आणि बक्कलातून ओवून खाली सोडलेले पट्ट्याचे टोक. मधल्या मोकळ्या जागेत एक मांजर. पट्ट्यावर रोमन अक्षरांत एक वाक्य आहे; पण चांदी चकचकीत ठेवण्याच्या हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या घासल्याने त्यातली काही अक्षरे जवळजवळ सपाट झाली आहेत.

माझी मुलगी एडिंबऱ्यात शिकायला होती तेव्हा ज्या बाईंच्या घरी भाड्याने राहत असे, त्यांचा हा बिल्ला. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी सांगितले होते की आपण मॅकिंटॉश कुळातले, आणि हा बिल्ला आपल्या पूर्वजाने कलोडनच्या लढाईत टोपीवर लावला होता. आपले वडील जुनी नाणी आणि पदके पाहतात, असे मुलीने कधीतरी बोलता बोलता सांगितले. मी तिच्याकडे गेलो तेव्हा बाईंनी बिल्ला एका जुन्या डबीतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि खरे काय असेल ते सांगा, असे म्हणाल्या.

असे प्रश्न अवघड असतात. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची. स्टुअर्ट घराण्याचे गेलेले राज्य परत मिळवायला निघालेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड आणि त्याच्या बाजूने उभी राहिलेली डोंगराळ मुलखातली कुळे यांचा इन्व्हर्नेसजवळच्या माळावर तासाभराच्या आत निकाल लागला. तिथे कोणाच्या घरातला कोण पडला हे स्कॉटलंडमध्ये तसेच सांगितले जाते जसे आपल्याकडे पानिपतावर कोणाचा कोण गेला ते सांगितले जाते. अशा आठवणीत चांदीची एखादी वस्तू आली की ती वस्तू राहत नाही, पुरावा होते. आणि पुरावा म्हटला की तो तपासावा लागतो.

अनोळखी बिल्ला हाती आला की माणूस पहिल्यांदा चित्र पाहतो आणि 'हा कोणाचा' असे विचारतो. हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी धातू, मग ठसे, मग पाठ, मग चित्र आणि सर्वांत शेवटी घरात चालत आलेली गोष्ट. क्रम उलटा केला की गोष्ट आधी मनात बसते आणि मग भिंगातून तेच दिसते जे पाहायचे असते. बाजारात 'प्राचीन स्कॉटिश' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिल्ल्यांपैकी कितीतरींची ओळख अशीच उलट्या क्रमाने झालेली असते.

धातूबद्दल फार लिहीत नाही. स्कॉटिश बिल्ले खऱ्या चांदीत जसे सापडतात तसे जर्मन सिल्व्हरमध्येही सापडतात, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. पलटणींत साध्या शिपायाचा बिल्ला बहुधा अशा पांढऱ्या धातूचा आणि अधिकाऱ्याचा चांदीचा असे. घरच्या घरी फरक काढायचा तर वस्तू तोलावी, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून किती पाणी सरकते ते मोजावे. ९२५ टंचाची चांदी पाण्याच्या साधारण १०.३ पट जड भरते, जर्मन सिल्व्हर पावणेनऊ पटीच्या आसपास. मागची पिन पोलादी असेल तर आकडा थोडा खाली येतो, तेवढे धरून चालावे. हा बिल्ला चांदीचा निघाला.

ठशांपाशी मात्र थांबायला हवे. 'हॉलमार्क' हा शब्द आता आपल्याकडे दागिन्यांच्या दुकानांमुळे घरोघरी पोहोचला आहे. पण आपल्या मनात त्याचा अर्थ 'अस्सल' एवढाच असतो. ब्रिटिश बेटांवरच्या जुन्या चांदीवर हा ठसा एकटा नसतो, ठशांची एक ओळ असते, आणि ओळीतला प्रत्येक ठसा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. कोणी घडवले, कुठे कस लावला, टंच बरोबर आहे का, कोणत्या वर्षी, आणि सरकारचा कर भरला का. बिल्ला कोणाचा, हे यातला एकही ठसा सांगत नाही. ही साधी गोष्ट अनेक हौशी संग्राहक विसरतात, आणि एडिंबऱ्याचा ठसा दिसला म्हणजे बिल्ला एडिंबऱ्याच्या माणसाचा, असे धरून चालतात.

एडिंबऱ्याचा ठसा म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला. तो पंधराव्या शतकापासून चालत आला आहे. १६८१ पासून त्याच्या जोडीला वर्षाचे अक्षर आले: दरवर्षी एक अक्षर, अक्षरमाला संपली की लिपीचे वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार बदलून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नुसते अक्षर वाचून भागत नाही, त्याचे वळण आणि त्याची चौकटही पाहावी लागते. कस लावणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे पूर्वी ठोकत. १७५९ पासून त्या जागी काटेरी थिसलचे फूल आले. १७८४ मध्ये चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाचे, पुढे राणीचे, मस्तक ठोकले जाऊ लागले. १८९० मध्ये कर उठला आणि मस्तक गेले. १९७५ पासून थिसलच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला.

आता आपल्या बिल्ल्याची पाठ पाहू. तिथे चार ठसे आहेत. कारागिराची आद्याक्षरे, पण पुसट. तीन बुरुजांचा किल्ला स्पष्ट. थिसल स्पष्ट. चौथे अक्षर अर्धे झिजलेले, पिनेच्या घर्षणात सापडलेले. मस्तक नाही, आणि झिजलेले नाही, तर मुळात ठोकलेलेच नाही, कारण चारही ठसे जवळजवळ आहेत आणि त्यांच्यापुढे स्वच्छ, सपाट चांदी आहे.

जे नाही त्यातूनच इथे सर्वांत जास्त कळते. थिसल आहे म्हणजे १७५९ नंतरचा. मस्तक नाही म्हणजे १७८४ च्या आधीचा, नाही तर १८९० च्या नंतरचा. सिंह नाही म्हणजे १९७५ च्या आधीचा. तेव्हा दोनच खिडक्या उरतात: १७५९ ते १७८४ ही पंचवीस वर्षे, किंवा १८९० ते १९७५ ही पंच्याऐंशी वर्षे. दोन्हींत १७४६ नाही. आजोबांची गोष्ट इथेच, चित्राकडे वळण्याआधीच, अडखळते.

ठसे खरे आहेत का, हीही शंका घ्यावी लागते. जुन्या चमच्याच्या दांड्यावरचे ठसे कापून दुसऱ्या वस्तूच्या पाठीत झाळून बसवण्याची लबाडी जुनी आहे. तपासण्याची युक्ती सोपी: पाठीवर तोंडाने वाफ सोडावी. वाफ विरताना झाळीची रेघ क्षणभर वेगळी दिसते. इथे तशी रेघ दिसली नाही. बाईंनी मात्र एक चांगला प्रश्न विचारला. कलोडनचा बिल्ला मोडकळीला आल्यावर त्याचीच चांदी आटवून हा केला असेल का? असेल किंवा नसेल. आटवलेल्या चांदीत आधीच्या वस्तूची काहीच खूण उरत नाही, त्यामुळे तो प्रश्न बिल्ल्याला विचारता येत नाही.

ठशांच्या बाबतीत आणखी एक फसगत सांगून पुढे जातो. चांदीवर नांगर दिसला की तो बर्मिंगहॅमचा, हे पाठ्यपुस्तकी उत्तर. १७७३ पासून बर्मिंगहॅमचा ठसा नांगरच आहे, आणि एकोणिसाव्या शतकात 'स्कॉटिश' म्हणून विकली जाणारी कितीतरी चांदी तिथेच घडत होती. पण स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदराचे सोनारही नांगरच ठोकत. १८३६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या चांदीला एडिंबरा किंवा ग्लासगो इथे कस लावून घेणे भाग पडले. त्याआधी लहान गावांतले सोनार आपापले ठसे वापरीत. डंडीची लिलीच्या फुलांची कुंडी, इन्व्हर्नेसचा उंट, ॲबर्डीनची 'एबीडी' ही अक्षरे. डोंगरदऱ्यांतून चांदी एडिंबऱ्याला नेणे-आणणे खर्चाचे आणि धोक्याचे होते, हे त्याचे कारण. आज या गावठी ठशांच्या चांदीला भरमसाट भाव येतो, आणि भाव आला की नकलाही येतात. उलट थिसलचे चित्र असलेल्या कितीतरी टोपीच्या पिना हॅलिफॅक्स या इंग्लिश गावातल्या चार्ल्स हॉर्नरच्या कारखान्यात तयार होऊन चेस्टरचा ठसा लावून विकल्या गेल्या. थिसल दिसले म्हणजे स्कॉटलंड नव्हे. अशा दागिन्यांतले 'स्कॉटिश खडे' म्हणून मिरवणारे अकीक तर पुष्कळदा जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनला कापलेले असतात.

पाठीवर ठशांखेरीज पिन असते, आणि ती बोलकी असते. आपल्या बिल्ल्याची पिन साधी आहे: एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला नुसता वाकवलेला आकडा, ज्यात पिन अडकते. फिरवून बंद करायची सुरक्षित कडी विसाव्या शतकात सर्रास झाली. बिजागरीपाशी चांदीचा रंग एकसारखा आहे, म्हणजे पिन मागाहून बदललेली नाही. एवढ्यावरून पंच्याऐंशी वर्षांच्या खिडकीतला अलीकडचा भाग बराचसा बाजूला पडतो. पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला असता तर पिनेऐवजी मागे दोन-तीन कड्या किंवा कापडाच्या पट्टीत सरकवायची उभी पट्टी दिसली असती.

आता चित्र. स्कॉटिश चांदीच्या बिल्ल्यांची ढोबळमानाने चार घराणी मानता येतात: कुळाचे, पलटणीचे, हुद्द्याचे आणि मंडळांचे. मंडळांत बर्फावर दगड सरकवण्याच्या 'कर्लिंग' खेळाची मंडळे, नेमबाजांचे संघ, फ्रीमेसन वगैरे सगळे आले. यांच्यावर बहुधा काहीतरी लिहिलेले असते, त्यामुळे ते फार छळत नाहीत. हुद्द्याच्या बिल्ल्यांत सर्वांत लक्षवेधी म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या 'मेसेंजर-ॲट-आर्म्स'चा राजचिन्हांकित चांदीचा बिल्ला. ज्याच्या दारात हा माणूस जाई त्याला बिल्ला दाखवायचा, एवढ्यासाठीच तो असे. राजचिन्ह पाहून लोक अशा बिल्ल्याला लष्करी समजतात.

पलटणींच्या बिल्ल्यांत दोन गोष्टी आधी पाहाव्यात. १८८१ मध्ये ब्रिटिश पायदळाची फेररचना झाली आणि पलटणींचे आकडे जाऊन प्रदेशांची नावे आली. म्हणून बिल्ल्यावर पलटणीचा आकडा असेल तर तो बहुधा त्याआधीचा. दुसरे म्हणजे प्राणी. हरणाचे समोरून पाहिलेले मस्तक आणि 'राजाला साहाय्य' अशा अर्थाचे गेलिक वाक्य असेल तर सीफोर्थ हायलँडर्स. हरणाचे मस्तक मुकुटातून वर आलेले, भोवती आयव्हीची पाने आणि 'बायडँड' हा एकच शब्द असेल तर गॉर्डन हायलँडर्स.

आणि हत्ती. स्कॉटलंडमध्ये हत्ती कुठून आला, असे मराठी वाचकाला वाटेल. तिथल्या चिन्हांत हत्ती एकाहून अधिक ठिकाणी आहे. पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती डंबार्टन गावाचा. उंटाच्या समोर ढालीला आधार देत उभा असलेला हत्ती इन्व्हर्नेसचा. पण पाठीवर काही नाही, आणि सोबत 'असई' हा शब्द, असा हत्ती दिसला तर तो आपल्या जालना जिल्ह्यातून गेलेला आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गावापाशी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला. त्याच्याकडे दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. मराठ्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफा सोडेनात. ७४ वी पलटण चुकीने गावाच्या रोखाने सरकली, गावातल्या तोफांच्या माऱ्यात सापडली आणि वरून मराठ्यांचे घोडदळ आले. क्वार्टरमास्टर सोडला तर मैदानावरचा तिचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी मारला गेला किंवा जखमी झाला. ईस्ट इंडिया कंपनीने या पलटणींना मानाची निशाणे दिली आणि हत्ती व 'असई' हे शब्दचित्र त्यांच्या वाट्याला आले. १८८१ मध्ये ७४ वी पलटण हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली, आणि त्या पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात थिसलच्या ताऱ्याखाली हत्ती आणि वर 'असई'ची पट्टी कायम राहिली. ग्लासगोच्या गल्ल्यांतली जी पोरे ही टोपी घालून पहिल्या महायुद्धात गेली, त्यांच्या कपाळावर मराठवाड्यातल्या एका खेड्याचे नाव होते. असा बिल्ला पाहिला की मी दर वेळी त्या पट्टीवर बोट फिरवतो. ज्या गोलंदाजांमुळे ही लढाई त्या पलटणीला इतकी महाग पडली, त्यांची खूण कोणाच्याच टोपीवर नाही.

बाईंच्या बिल्ल्यावर हत्ती नाही, मांजर आहे, आणि भोवती पट्टा-बक्कल. पट्टा-बक्कल म्हणजे कुळाचा बिल्ला. पण त्याचा अर्थ लोक समजतात त्याच्या नेमका उलट आहे. लढाईत शिरस्त्राणावर बसवायच्या चिन्हाला आपण शिखरचिन्ह म्हणू. स्कॉटलंडमध्ये हे चिन्ह कुळाचे नसते, कुळप्रमुखाचे खाजगी असते, आणि तिथे ही बाब रीतिरिवाजाची नव्हे तर कायद्याची आहे: 'लॉर्ड लायन' हा अधिकारी अशा चिन्हांची नोंदवही राखतो आणि दुसऱ्याचे चिन्ह आपले म्हणून मिरवणाऱ्याला दंड करू शकतो. ही नोंदवही १६७२ च्या कायद्याने सुरू झाली. कुळातल्या सामान्य माणसाने प्रमुखाचे चिन्ह पट्टा-बक्कलात घालून लावले की अर्थ होतो, हे चिन्ह माझे नाही, मी ज्याचा माणूस आहे त्याचे आहे. प्रमुख स्वतः ते साध्या वर्तुळात लावतो आणि मागे गरुडाची तीन पिसे. त्याच्या हाताखालचे शाखाप्रमुख दोन पिसे लावतात. म्हणजे ज्या बिल्ल्यावर पट्टा-बक्कल आहे तो कुळप्रमुखाचा नाही, एवढे तो स्वतःच सांगतो.

हा प्रघात मोठ्या प्रमाणावर रुजला तो एकोणिसाव्या शतकात. कलोडननंतर १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातला पोशाख पुरुषांना बंद केला गेला; बंदी उठली १७८२ मध्ये. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभात सगळ्यांनी किल्ट आणि प्लेड चढवले, आणि ज्यांच्या आज्यांनी डोंगरातल्या माणसाला दरोडेखोर म्हटले होते ती शहरी मंडळीही आपले कुळ शोधू लागली. पुढे राणी व्हिक्टोरियाने बॅल्मोरलला घर केले आणि एडिंबरा, इन्व्हर्नेस, ॲबर्डीन इथल्या सराफांना कुळाच्या बिल्ल्यांचे गिऱ्हाईक मिळाले.

कलोडनवर काय होते मग? कुळांची ओळख तोवर झाडपाल्यावरून होत असे. प्रत्येक कुळाची एक वनस्पती ठरलेली. तिची डहाळी टोपीत खोचायची. आपल्याकडचे देवक आठवावे. पंचपल्लव, कळंब यांना लग्नकार्यात जे स्थान आहे त्याच्या जवळचे काहीतरी. आणि राजपुत्राच्या बाजूच्या लोकांची लढाईतली मुख्य खूण म्हणजे टोपीवर शिवलेले पांढऱ्या फितीचे फूल. दोन्ही बाजूंना डोंगरी माणसे होती, त्यामुळे मित्र-शत्रू ओळखायला हेच उपयोगी. पट्टा-बक्कलातले चांदीचे मांजर त्या माळावर कोणाच्याच टोपीवर नव्हते. १७५९ ते १७८४ ही पहिली खिडकीही याच कारणाने बंद होते: तेव्हा पोशाखावर बंदी होती आणि हा प्रघात रुजायचा होता. बिल्ला १८९० नंतरचा.

पण मांजर कोणाचे, हा प्रश्न राहिलाच, आणि बाईंना खरी ओढ त्याचीच होती. वाक्य भिंगातून आणि तिरप्या उजेडात असे लागले: 'टच नॉट द कॅट', मग तीन अक्षरांचा एक शब्द, मग 'अ ग्लव्ह'. हातमोजा घातल्याशिवाय मांजराला हात लावू नका. स्कॉट भाषेत 'बट' किंवा 'बॉट' म्हणजे 'शिवाय'. मांजर म्हणजे स्कॉटलंडचे रानमांजर. पंजातली नखे बाहेर असताना त्याच्या वाटेला जाऊ नये, असा भाव.

हे मांजर एका कुळाचे नाही. 'क्लॅन चॅटन' ही अनेक कुळांची जुनी युती; तिच्यातल्या कित्येकांच्या चिन्हात मांजर आहे, आणि वाक्य थोड्याथोड्या फरकाने तेच. मॅकिंटॉश 'बॉट' लिहितात, मॅकफर्सन 'बट'. मॅगिलिव्रेंचे वाक्य 'या मांजराला हात लावू नका' एवढेच. मॅकबीनांच्या वाक्यात हातमोज्याऐवजी ढाल आहे. म्हणजे आपल्या बिल्ल्याची सगळी ओळख एका स्वरावर येऊन ठेपते, 'ओ' की 'यू'. आणि नेमके तेच अक्षर बिल्ल्याच्या सर्वांत फुगीर भागावर असल्याने सपाट झालेले. उजेड कसाही धरला तरी एक पोकळ गोलावा दिसतो, वरून उघडा की बंद ते कळत नाही.

अशा वेळी चिन्हांचे जुने शास्त्र कामाला येते. त्यात प्राण्याचे नाव सांगून भागत नाही, तो कसा आहे तेही सांगावे लागते, आणि ती कैफियत कायद्याच्या भाषेइतकी काटेकोर असते. मॅकिंटॉशांचे मांजर मागच्या पायांवर उसळी घेतलेले, तोंड पाहणाऱ्याकडे. मॅकफर्सनांचे मांजर बसलेले. मॅकबीनांचे अर्धेच, कंबरेपासून वर, आणि पुढच्या पंजावर ढाल. मॅगिलिव्रेंचेही बसलेले आहे, पण एक पंजा जमिनीवर आणि दुसरा उगारलेला, तोंड समोर.

बिल्ल्यावरचे मांजर बसलेले आहे. दोन्ही पुढचे पाय सरळ, जमिनीवर टेकलेले. तोंड बाजूला. पाठीची वळलेली रेघ आणि मागच्या मांडीचा फुगवटा बोटाला लागतो. आणि वाक्यात हातमोजा आहे, म्हणून मॅगिलिव्रे वगळले. मॅकफर्सन.

मी ते सांगितले तेव्हा बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांना कलोडनचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता, त्यामुळे पुढचे मला बोलावे लागले नाही. क्लॅन चॅटनमध्ये प्रमुखपद मॅकिंटॉशांचे की मॅकफर्सनांचे हा वाद कित्येक पिढ्यांचा. १६७२ मध्ये लॉर्ड लायनपर्यंत गेलेला. आणि कलोडनच्या दिवशी या मांजरांच्या वाटा वेगळ्या होत्या. मॅकिंटॉशांचा प्रमुख सरकारच्या फौजेत होता. त्याच्या बायकोने, ॲनने, राजपुत्रासाठी माणसे उभी केली. त्या माणसांचे नेतृत्व डन्मॅग्लासच्या अलेक्झांडर मॅगिलिव्रेने केले आणि तो तिथेच पडला. मॅकबीनांपैकीही माणसे पडली. क्लूनी मॅकफर्सन मात्र आपली माणसे घेऊन निघाला होता, वाटेतच त्याला पराभवाची बातमी भेटली. मॅकफर्सन कलोडनला वेळेवर पोहोचले नाहीत.

तरीही आजोबा खोटे बोलले असे म्हणता येत नाही, हे मी बाईंना आवर्जून सांगितले. १८९० नंतरचा बिल्ला म्हणजे दुकानातून विकत घेतलेला. आणि त्या काळी दुकानदाराकडे आडनावांच्या याद्या असत: अमुक आडनाव अमुक कुळाच्या आश्रयातले, म्हणून तमुक चिन्ह. अशा याद्यांत एकच आडनाव दोन-दोन कुळांखाली सापडे. मॅकिंटॉशांचे मांजर मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाला मॅकफर्सनांचे मिळाले असेल, दोन्हींवर मांजर, दोन्हींवर तेच वाक्य. किंवा घराण्यात मॅकफर्सनांची मुलगी आली असेल आणि बिल्ला तिच्याबरोबर आला असेल. बिल्ल्यावरून रक्ताचे नाते ठरत नाही. तो विकत घेणाऱ्याने स्वतःला कोणाचे मानले एवढेच ठरते. पूर्वज कलोडनवर होता की नव्हता, याचे उत्तर असलेच तर चर्चच्या नोंदवहीत असेल, चांदीत नाही.

पुसट झालेली कारागिराची आद्याक्षरे आणि अर्धे अक्षर मी छायाचित्रात घेतली. तिरप्या उजेडात काढलेल्या छायाचित्रात ठसे डोळ्यांपेक्षा चांगले दिसतात, हे नाणी पाहताना मला अनेकदा उपयोगी पडले आहे. इथे अक्षराची चौकट वाचता आली, अक्षर मात्र नाही. शेवटी एका कागदावर लिहून दिले: चांदी, एडिंबरा, १८९० नंतर, बहुधा विसावे शतक फार पुढे जाण्याआधी, कुळाचा बिल्ला, प्रमुखाचा नव्हे, बसलेले मांजर, मॅकफर्सन. बाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मग पेन घेतले, माझ्या ओळींच्या खाली 'आजोबा सांगत, कलोडन' असे स्वतःच्या हाताने लिहिले, कागदाची घडी केली आणि बिल्ल्याखाली डबीत ठेवली.